मांडीवरची लव परत आली, मग डोक्यावरचे केस का नाही?

खाजेवाली आई (वेंगुर्ला)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं जत्रेतलं खाज्याचं, म्हणजे गुळाच्या पाकातल्या गोड कांड्यांचं, दुकान. सासऱ्यांच्या आधीपासूनचं. कार्तिकात सुरू होतं ते जत्रा संपेपर्यंत आम्ही घरी कमी आणि टेम्पोत जास्त. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा मागल्या पडवीत गुळाचा पाक चढवला होता. काहील उतरवताना दिरांच्या हातातून एका बाजूचं फडकं निसटलं आणि पाक तिच्या डोक्यावर उडाला. गरम पाणी असतं तर ओघळून तरी गेलं असतं. पाक बसला तो बसलाच. आम्ही तो काढायला गेलो तर सोबत केस हातात आले. पुढचं लिहीत नाही.

तिला गोव्याला नेलं. तिथे मांडीची कातडी काढून डोक्यावर लावली. जखम चांगली भरली, त्याबद्दल त्या लोकांचे उपकार आहेत. पण उजव्या कानाच्या वर, जरा मागे, तळहाताएवढ्या जागेवर आजही एक केस नाही. मुलगी आता १९ वर्षांची आहे. भांग डावीकडून पाडते, केस उजवीकडे ओढून पिना लावते. जेटीवर वारा सुटला की हात कानाशी. फोटोत कायम डावीकडे उभी.

गेल्या महिन्यात एका शहरातल्या केसांच्या क्लिनिकमध्ये गेलो. क्लिनिक चकचकीत, बाहेर बोर्ड ‘स्टेम सेलने केस पुन्हा उगवा’. आठ सिटिंगचे १ लाख ८० हजार सांगितले. मी गप्प बसले तर म्हणे आजच बुकिंग केलंत तर १ लाख ४० हजार. मी जत्रेत खाजं विकते हो, ‘आत्ताच घेतलंत तर’ हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा मीच बोलते. म्हणून तिथे पैसे न भरता परत आले. पण मन खात राहतं. खरंच काही होत असेल तर माझ्या पाटल्या आहेत.

आणि एक गोष्ट. मुलीने तिथल्या डॉक्टरांना विचारलं, “मांडीवरची कातडी काढली तिथे लव परत आली. तीच कातडी डोक्यावर लावली तिथे काहीच नाही. असं का?” ते हसले आणि म्हणाले, “ब्राइट आहे तुमची मुलगी.” उत्तर दिलं नाही.

कोणाला माहिती असेल तर सांगा.

कलमदादा

ताई, माका डॉक्टरकीतला काय कळणा नाय. मी आंब्याची नि काजीची कलमा बांधतंय, तीस वर्सां झाली. पण तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून हातातली सुरी खाली ठेवली.

आता नीट लिहितो, नाहीतर पुणेकर म्हणतील भाषांतर द्या. माझा प्रश्न असा: एका चांगल्या हापूसच्या झाडाच्या काड्या घेऊन मी मोसमात हजार कलमं करतो. मग डोक्यावर उरलेल्या केसांतले दहा घेऊन त्यांचे हजार का करता येऊ नयेत? कातडी लावण्यालाही म्हणे कलमच म्हणतात. आणि दुसऱ्या माणसाची डोक्याची कातडी आणून का लावत नाहीत? आंब्याला आम्ही रायवळचा खुंट चालवून घेतो, कसली तक्रार नसते.

क्लिनिकबद्दल एवढंच सांगतो, ज्याची कलमं खरोखर जगतात तो ‘आजच घ्या’ म्हणत नाही. त्याच्याकडे लोक पुढल्या वर्षाची नोंदणी करून जातात.

निवृत्त सिस्टर (देवगड)

बाय, जळीत वॉर्डात माझी २६ वर्षं गेली, मुंबईत, सरकारी नोकरीत. तुझ्या मुलीचा प्रश्न एवढ्या वर्षांत मी दोनदा ऐकला असेन, त्यातला एकदा एका नव्या हाऊसमनकडून, म्हणजे शिकाऊ डॉक्टरकडून. तेव्हा आधी तिचं उत्तर, क्लिनिकचं नंतर.

मांडीवरची कातडी सोलून काढत नाहीत, तासून काढतात. डर्माटोम म्हणून हत्यार असतं, सुताराच्या रंध्याचा भाऊ समज. त्यातून जी पट्टी निघते ती साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची. चिमट्यात धरली की पलीकडचं बोट दिसतं. दुधावरची साय उतरवावी तसं. केसाची मुळं तिच्या पुष्कळ खाली, ती जागच्या जागी राहतात. आणि नव्या कातडीचं बियाणं त्या मुळांच्या अंगालाच असतं. हे मी पुस्तकातून नंतर वाचलं, डोळ्यांनी आधी पाहिलं. ड्रेसिंग उघडलं की लालबुंद भुईवर बारीक पांढुरके ठिपके दिसायचे, एकेका केसाच्या तोंडाशी एकेक. दोन दिवसांनी ठिपके रुंद. मग शेजारच्या ठिपक्याला टेकलेले. लावणी झाल्यावर भाताचा कुणगा भरत जातो ना, तसं. दहा-बारा दिवसांत मांडी बंद. लव मागाहून येते, कारण तिचं मूळ कुठे गेलेलंच नसतं.

डोक्यावर पाक पडला तिथे मुळंच भाजली. डोक्याच्या केसाचं मूळ कातडीखालच्या चरबीपर्यंत जातं, चार-एक मिलिमीटर. तिथवर उष्णता पोचली म्हणजे बियाण्यासकट गेलं. त्यावर लावली ती साय, तिच्यात मुळं नव्हतीच. म्हणून जखम मिटली आणि केस आले नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी काही कमी केलं असं मनात आणू नकोस. उघडी जखम झाकणं हे त्या दिवसाचं काम होतं, ते त्यांनी केलं.

याची उलटी बाजूही सांगते. माणूस खूप जळला की कातडी काढायला अंगावर जागाच उरत नाही. मग डोकं भादरून टाळूवरून काढतात. नातेवाईक रडकुंडीला येतात, आधीच एवढं झालं आणि आता टक्कलही! पण टाळूला मुळं दाट, आठवड्याभरात जखम भरते, केस पूर्वीसारखे येतात, पुन्हा तिथूनच कातडी काढता येते. आणि ती टाळूची साय पायावर लावली म्हणून पायावर काही डोक्याचे केस उगवत नाहीत.

तुझ्या लेकीला विचार, तेव्हा काय जास्त दुखत होतं. मांडी म्हणेल. डोनर एरियावर, म्हणजे कातडी काढलेल्या जागेवर, गॉज चिकटतं आणि ते काढताना अख्खा वॉर्ड ऐकतो. आपल्या सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी त्यावर केळीचं पान आणलं, निर्जंतुक केलेलं. २००३ साली त्यांचं काम ‘बर्न्स’ या जर्नलमध्ये आलं. पान मेणचट, जखमेला धरत नाही, उचललं की सुटतं. आपण घावणे काढून पानावर टाकतो, चिकटतात का? तेच. (कोणी परसातलं पान तोडून जखमेवर लावू नका. वॉर्डातलं पान वेगळं, निर्जंतुक केल्याशिवाय ते रुग्णापाशी येत नाही.)

कलमदादा, दुसऱ्याची कातडी लावतात, पण टिकत नाही. रायवळचा खुंट हापूसची काडी नाकारत नाही, माणसाचं अंग नाकारतं. दोन-तीन आठवड्यांत ती कातडी सुटते. तरी तिचा मोठा उपयोग असतो. मोठ्या भाजण्यात तेवढे आठवडे पाणी आणि जंतू आवरले की रोगी वाचतो. सायनला, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला स्किन बँक आहे. मेल्यानंतर सहा तासांच्या आत द्यायची, रक्तगट जुळवावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ठेवली की वर्षानुवर्षं राहते. डोळे देतात लोक, कातडी म्हटलं की दचकतात. मुडदा विद्रूप होत नाही, पाठ-मांड्यांवरची तीच पातळ साय घेतात. असो, हा माझा जुना घोष.

आता क्लिनिक. बाय, मी एक कबूल करते. १९९८-९९ ची गोष्ट असेल, एका आईने मला राउंडच्या गडबडीत विचारलं, “सिस्टर, येतील ना केस?” मी म्हटलं, “येतील हो.” मला पुढच्या बेडवर जायचं होतं. दोन वर्षांनी ती पोरीला घेऊन ओपीडीत आली. पिशवीत तेलाच्या अकरा बाटल्या, माक्याचं, जास्वंदीचं, आणखी कसलं कसलं. रोज दोन वेळा चोळत होती, माझ्या एका शब्दावर. त्या अकरा बाटल्यांनंतर मी कोणाला “येतील” म्हटलेलं नाही. तुलाही म्हणणार नाही. जळून गेलेल्या मुळाच्या जागी सुईने काही टोचून केस आणणारा इलाज आज बाजारात नाही.

त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचार. टोचणार ते नक्की काय? आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या भाजल्याच्या ग्राफ्टवर, म्हणजे लावलेल्या कातडीवर, केस आलेला एक तरी पेशंट समोर आणून दाखवता का? फोटो नको, पेशंट.

जे होऊ शकतं ते उद्या लिहिते. बांगडे आलेत, साफ करायचे आहेत.

पेट्रीडिश

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या पुण्यात पेशींवर काम करतो. सिस्टरांनी जे ठिपके पाहिले त्यांच्यावर आमच्या क्षेत्रातल्या लोकांचं आयुष्य जातं, त्यामुळे थोडं लांबेल.

कातडीचं ‘बियाणं’ म्हणजेच स्टेम सेल. ही गोष्ट जाहिरातीतली नाही, खरी आहे आणि जुनी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या वरच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवून दाखवल्या. त्या एकट्या वाढत नव्हत्या, खाली उंदराच्या पेशींचा थर दाईसारखा ठेवावा लागला. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत अंगभर पुरेल एवढी कातडी होऊ शकते हे त्यातून कळलं. १९८३ मध्ये वायोमिंगमधले दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले होते, त्यांना बॉस्टनमध्ये अशी वाढवलेली कातडी लावली आणि ते वाचले.

सगळ्यात थक्क करणारी केस २०१५ ची. सात वर्षांचा सिरियन निर्वासित मुलगा, जर्मनीतल्या बोखुममध्ये भरती. जन्मजात आजार, एका जनुकातल्या बिघाडामुळे वरची कातडी खालच्या थराला धरूनच राहायची नाही, हात लावला तरी सुटायची. इटलीतल्या मोदेनाच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या अंगावरचा ४ चौरस सेंटीमीटर चांगला तुकडा घेतला, पेशींत ते जनुक दुरुस्त करून घातलं, वाढवलं आणि त्याच्या अंगाची सुमारे ८० टक्के वरची कातडी बदलली. २०१७ मध्ये ते ‘नेचर’मध्ये आलं. तोवर मुलगा फुटबॉल खेळत होता. त्यातला खरा शोध असा की लावलेल्या असंख्य पेशींपैकी मोजक्याच दीर्घायुषी स्टेम सेल सगळी कातडी पुढे चालवतात, बाकीच्या काही महिन्यांत झडून जातात.

आता कलमदादांचा प्रश्न. दादा, दहा केसांचे हजार करावेत हा विचार या क्षेत्रातल्या प्रत्येकाने केलाय. अडचण कुठे येते ते पाहा. केसाच्या मुळात दोन घराणी नांदतात. एक, मुळाच्या वरच्या फुगवट्यातल्या स्टेम सेल, ज्यांतून केसाचं अंग बनतं. दुसरं, तळाशी बसलेल्या डर्मल पॅपिला पेशी, त्या स्वतः केस बनत नाहीत, पण ‘उगव’ हा हुकूम त्यांचा. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॉलिन जाहोडा यांच्या गटाने एका पुरुषाच्या डोक्यातल्या केसांच्या मुळाभोवतीच्या, पॅपिलाच्या सोयऱ्या असलेल्या, पेशी एका स्त्रीच्या हातात घातल्या आणि तिथे नवे केस आले. अंगाने नाकारलंही नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं काम.

पण तुमच्या काडीत आणि या पेशीत एक फरक आहे. काडी हजारावी असली तरी हापूस असल्याचं विसरत नाही. माणसाच्या पॅपिला पेशी बशीत पसरून वाढवल्या की संख्येने वाढतात आणि हुकूम विसरतात. मग टोचा कितीही, केस नाही. २०१३ मध्ये क्रिस्टियानो, हिगिन्स आणि जाहोडा यांनी त्या पेशी सपाट बशीऐवजी उलट्या लोंबत्या थेंबांत वाढवल्या. थेंबाच्या तळाशी त्या गोळा होऊन बसतात, मुळात बसतात तशा, आणि थोडं थोडं आठवतं. सात जणांच्या पेशींपैकी पाचांच्या बाबतीत केस उगवले. पण कुठे? उंदराच्या पाठीवर लावलेल्या माणसाच्या कातडीत. २०२० मध्ये कार्ल केलर यांच्या बॉस्टनच्या गटाने तर स्टेम सेलपासून केसांसकट कातडीचा गोळाच बशीत वाढवला. त्याला चार-पाच महिने लागले, केस काही मिलिमीटरचे, तेही उंदरावर. मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा रात्रभर झोप नव्हती. म्हणजे मी या विद्येला कमी लेखणारा माणूस नाही. पण बॉस्टनच्या बशीतून वेंगुर्ल्याच्या मुलीच्या कानामागे यायला ती अजून निघालेली नाही.

क्लिनिकवाल्यांचे फोटो टक्कल पडणाऱ्या पुरुषांचे होते का? बहुतेक असतीलच. तिथे मूळ बारीक झालेलं असतं, मेलेलं नसतं. २०११ च्या एका अभ्यासात टकलाच्या भागातही स्टेम सेल शाबूत सापडल्या होत्या. व्रणात तसं नसतं. एकाचा फोटो दाखवून दुसऱ्याला इलाज विकतात.

कायद्याचं थोडक्यात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं बोनमॅरो प्रत्यारोपण सोडलं तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पेशंटला स्टेम सेल देणं गैर आहे. चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, ती कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. काकू, १ लाख ८० हजार मागितले तिथेच ती चाचणी नाही हे कळलं.

दर्याचो पोर

माशाची कातडी लावतात ना भाजल्यावर? ब्राझीलमध्ये. व्हिडिओ पाहिलेला. आमच्याकडे तर ढिगाने फेकतो.

पेट्रीडिश

हो, फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी तिलापियाची वापरली. आइसलंडची एक कंपनी कॉड माशाची विकतेही, त्यात पेशी काढून टाकलेल्या असतात, फक्त जाळी उरते आणि माणसाच्या पेशी त्या जाळीत शिरून घर करतात. टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे कातडीसारख्या ऊती घडवण्याच्या विद्येत, यालाच सांगाडा म्हणतात. तसाच गाईच्या कोलॅजनचा आणि शार्कच्या कूर्चेतल्या द्रव्याचा सांगाडा बर्क आणि यानास यांनी १९८१ मध्ये केला होता, तो आजही वापरात आहे. पण हे सगळं ताज्या जखमेसाठी. भरलेल्या जुन्या व्रणाला त्याचा उपयोग नाही. आणि फेकलेली लावू नका रे बाबा.

निवृत्त सिस्टर (देवगड)

पेट्रीडिशने छान लिहिलं. एक भर घालते, कारण हे लोक बशीतली कातडी बघतात आणि आम्ही ती लावलेली माणसं बघतो. माझी एक जुनी पेशंट आहे, पाठ पूर्ण ग्राफ्टची. आता पन्नाशीची, आपल्याच जिल्ह्यातली. मे महिन्यात माझ्याकडे येते तेव्हा ब्लाउजच्या आत ओला पंचा घालून येते. घामाच्या ग्रंथीही खोलच असतात, त्यामुळे त्या पाठीला घाम येत नाही. आपल्या दमट हवेत सगळी माणसं घामाने हैराण, आणि ही घाम येत नाही म्हणून. चेहरा, छाती निथळतात आणि पाठ तव्यासारखी. “सिस्टर, केस राहू देत, घाम फुटेल असं काही काढा म्हणावं त्या शास्त्रज्ञांना,” म्हणते. तर पेट्रीडिश, तुझ्या प्रयोगशाळेत हा निरोप पोचव.

आता बाय, तुझ्या लेकीसाठी जे आज होतं ते.

टिश्यू एक्सपांडर म्हणतात, वॉर्डात आम्ही फुगाच म्हणायचो. व्रणाच्या शेजारी, केस असलेल्या चांगल्या टाळूखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवतात. टाके सुकले की दर आठवड्याला सुईने तीत थोडं थोडं सलाइन भरतात. वरची टाळू ताणत ताणत वाढते, गरोदर बाईचं पोट वाढतं तशी. दोन-तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन: पिशवी काढायची, व्रण कापून टाकायचा, आणि वाढलेली केसाळ टाळू त्या जागेवर ओढून शिवायची. नवा केस एकही तयार होत नाही. आहेत तेच थोडे विरळ होऊन जास्त जागा झाकतात, पण केस तिचेच, त्याच दिशेचे, तेल लावा, वेणी घाला.

गोड करून सांगत नाही. ते दोन-तीन महिने डोक्याच्या एका बाजूला नारळाच्या वाटीएवढा उंचवटा दिसतो. पोरी रडतात. जंतू शिरले किंवा कातडी ताणून फाटली तर पिशवी काढून पुन्हा पहिल्यापासून. भरताना एक-दोन दिवस ठणकतं. पण तळहाताएवढ्या व्रणाला हाच इलाज मी सर्वांत जास्त वेळा यशस्वी झालेला पाहिलाय.

दुसरं, मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक काढून व्रणात रोवणं, हेअर ट्रान्सप्लांट. व्रणाला रक्त कमी, त्यामुळे सगळी रोपं धरत नाहीत, आणि कवटीला चिकटलेल्या पातळ ग्राफ्टवर तर आणखी कमी. शहाणा सर्जन आधी थोडे लावून काही महिने थांबतो. पुष्कळदा फुग्याने मोठी जागा मिटवून उरलेली रेघ या पद्धतीने झाकतात.

केसांच्या क्लिनिकमध्ये नको. मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत जा. जायच्या आधी एक कर: पारदर्शक प्लास्टिक व्रणावर ठेवून स्केचपेनने कड गिरव, पट्टीने मापं घे. आणि चिमटीत धरून बघ, व्रण खालच्या हाडावर सरकतो की चिकटलाय. हे दोन्ही सांगितलंस की सर्जन तुझ्याशी वेगळ्या सुरात बोलेल.

खाजेवाली आई (वेंगुर्ला)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण घरात यावरच बोलणं चाललं होतं.

क्लिनिकला फोन केला. टोचणार काय विचारलं तर आधी “ॲडव्हान्स्ड थेरपी”, मग “तुमचंच रक्त मॅडम, मशीनमध्ये फिरवून त्यातला चांगला भाग”. सीटीआरआयचा नंबर विचारला तर म्हणे आमचा जीएसटी नंबर आहे, तो देऊ का? ग्राफ्टवर केस आलेला पेशंट दाखवा म्हटलं तर “प्रायव्हसी असते”. रात्री पुन्हा त्यांचाच मेसेज, आता १ लाख १० हजार. अजून दोन दिवस थांबले असते तर खाज्याच्या भावात आलं असतं.

सिस्टर, लेकीला विचारलं. क्षणात म्हणाली, मांडी. डोक्याचं तिला फारसं आठवत नाही. मांडीचं ड्रेसिंग काढणाऱ्या बाईंची हिरवी काकणं आठवतात.

तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. ‘साय’ ऐकल्यावर बराच वेळ गप्प होती. मग मांडीवरचा तो फिकट चौकोन बघितला आणि म्हणाली, म्हणजे हे चांगलं झालं ते मुळं राहिली म्हणून, कोणाच्या तेलाने नाही. (सासूबाई तिथेच होत्या. पंधरा वर्षं तेल त्यांनीच लावलंय.)

दिरांना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या कानावर गेलंच. येऊन म्हणाले, फुग्याचा खर्च माझा. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलले.

माप घेतलं: ७ सेंटीमीटर बाय ५. मागची कड सरकते, कानाकडची चिकटलेली वाटते. एकच अडचण आहे. ऑगस्टपासून कॉलेज, आणि डोक्यावर वाटीएवढा उंचवटा घेऊन ती जाणार नाही म्हणते. मग म्हणते, जाईन. परत म्हणते, नाही.

कलमदादा

ताई, कलम बांधून झाल्यावर आम्हीही वरून प्लास्टिकची टोपी घालतो. चांगला फुटवा येईपर्यंत कोणी बघू नये म्हणून. पोरीला म्हणावं, मफलर बांध.

निवृत्त सिस्टर (देवगड)

ऑगस्टमध्ये मफलर! वेंगुर्ल्यात! दादा, तुम्ही कलमंच बांधा.

बाय, परीक्षा कधी संपते ते बघ. पहिलं ऑपरेशन परीक्षेनंतर लगेच करून घेतलं तर सुट्टीतच फुगा भरून होतो आणि कॉलेज उघडताना दुसरं ऑपरेशन उरकलेलं असतं. मे महिन्यात ड्रेसिंगखाली घाम येतो, खाज सुटते, ते सोसावं लागेल. ओपीडीत जाताना गोव्याचे जुने कागद असतील तर ने, नसतील तर ते गिरवलेलं प्लास्टिक तरी विसरू नकोस. आणि सोबत मुलीलाच बोलू दे, तू मागे बस. प्रश्न ती बरे विचारते.

खाजेवाली आई (वेंगुर्ला)

कागद सापडले. खाज्याच्या हिशेबाच्या वहीत होते, त्याच वर्षाच्या. सोमवारी जातोय.